बाबांची सत्तरी आणि फोटोचं खोकं

आईबाबा सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आमच्याकडे आलेले, त्यातच बाबांची सत्तरी आली. हॉल ठरला, जेवण ठरलं आणि फोटोंवरून घरात दोन तट पडले. बायको फोटो बूथच्या बाजूने, मी फोटोग्राफरच्या. दोन्ही परवडणार नव्हतं. फोटोग्राफर चार तासांचे १२०० डॉलर सांगत होता, बूथवाला तीन तासांचे ६००.

बूथ आता म्हणे पुण्या-मुंबईच्या लग्नांतही दिसतो. इकडे तो जुना आहे बरं का! सैबेरियातून आलेल्या अनातोल जोसेफो नावाच्या माणसाने १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाणं टाकून फोटो काढायचं यंत्र मांडलं. २५ सेंटमध्ये आठ फोटो. १९२७ साली त्याने त्याचे हक्क दहा लाख डॉलरना विकले. (आमच्या लॅबमध्ये असलं काही का सुचत नाही, हा प्रश्न मी डायरेक्टरसमोर काढत नाही.)

आजच्या बूथमध्ये नेहमीचा डिजिटल कॅमेरा, दिवा, टचस्क्रीन आणि प्रिंटर असतो. मला त्यातला प्रिंटरच आवडतो. उष्णतावहन हा माझा पोटापाण्याचा विषय ना! तापलेली पट्टी रिबनवरचा पिवळा, मग किरमिजी, मग निळा रंग कागदात उतरवते आणि शेवटी वरून पारदर्शक थर चढवते. त्यासाठी कागद पुन्हा पुन्हा पुढेमागे होतो. चार बाय सहाचा कागद मधोमध कापला की दोन पट्ट्या. एक पाहुण्याला, दुसरी यजमानांच्या वहीत, शेजारी पाहुण्याची सही.

बायकोचा मुद्दा हा वहीचाच होता. "कोण कोण आलं होतं ते बाबांना घरी गेल्यावर बघायला मिळेल."

मुद्दा बिनतोड होता. विचार करता लक्षात आलं, की आपल्याकडचं रिसेप्शनचं स्टेज म्हणजे बूथच की! कॅमेरा जागचा हलत नाही, माणसं रांगेने येतात, पाकीट देतात, समोर बघतात, उतरतात. आलेला प्रत्येक माणूस अल्बममध्ये सापडतो. इकडच्या पार्टीत स्टेज नाही, रांग नाही, त्यामुळे हजेरीही नाही.

पण बूथकडे माणसाला आपणहून जावं लागतं. लॅबमधल्या एका मित्राच्या लग्नात मी ते पाहिलं होतं. खोट्या मिशा आणि गुलाबी टोप्या घालून तीच ती दहा-बारा मंडळी सतराशे साठ वेळा आत-बाहेर करत होती. नवऱ्यामुलाची आजी मात्र शेवटपर्यंत खुर्चीत बसून होती. आमच्याकडे तर आपल्या मुलांकडे आलेले चार-पाच आजी-आजोबा येणार होते. बाबा स्वतः तर मिशी लावायला सात जन्मात गेले नसते. खुर्चीपर्यंत चालत जाणारा कॅमेरा हवा, यावर मी अडून बसलो.

तर फोटोग्राफर ठरला. अमेरिकन मुलगा, कामात चोख, पण औक्षण त्याने कधी पाहिलेलं नाही. त्याला लिहून दिलं: केक नाही काढलास तरी चालेल, आणि तबक फिरेल तेव्हा तबकाकडे नको, ओवाळणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे बघ. (हॉलमध्ये ज्योत पेटवायला मनाई, म्हणून ७० दिवे बॅटरीवरचे. आईला ते अजून पटलेलं नाही.) दुसरी अट पैसे ठरवतानाच घातली. हे लोक फोटोंची लिंक काही आठवड्यांनी पाठवतात आणि आईबाबांचं विमान सोळाव्या दिवशी होतं. तेव्हा ४० फोटो आठवड्याच्या आत हवेत.

ते आले. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून छापून आणले (हो, इथे औषधांच्या दुकानात फोटो छापून मिळतात). आईचा ओवाळतानाचा फोटो असा आलाय, की बाबा तो हातात घेऊन बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हिला सांगू नकोस, पण हा पाकिटात मावेल एवढा करून आण."

बाकीच्या फोटोंमागे ते पेनाने नावं लिहीत बसले. कोणी हसताना वळलेलं, कोणाचं तोंड वाटीत, कोणी दुसऱ्याच्या खांद्याआड. निम्म्या लोकांना ते त्याच दिवशी पहिल्यांदा भेटले होते. नावं आठवेनात, मग मला हाका. परवा ठाण्याहून फोन आला.

"अरे, तो खांबाजवळचा निळ्या स्वेटरवाला कोण? माझ्याशी चांगला अर्धा तास बोलत होता, रेल्वेत होता म्हणाला."

फोटोत फक्त त्याचा कान आणि स्वेटर आहे. मी तिघांना फोन करून झाले. बायको काही बोलत नाही, फक्त माझ्याकडे बघते.