आतो गप्प बसतो तेव्हा

आमा आता आयडू यांच्या ‘द डिलेमा ऑफ अ घोस्ट’ची तालीम सुरू झाली की सगळे युलालीमागे लागतात. अमेरिकेतून घानात सून होऊन आलेली ही कृष्णवर्णीय मुलगी सिगारेट ओढते, सासूने आणलेल्या गोगलगायी टाकून देते. नटीला खेळायला भरपूर आहे. मी मात्र आधी तिच्या नवऱ्याचं, आतोचं काम बसवते.

इतक्यात मूल नको, हे दोघांनी मिळून ठरवलेलं असतं. घरच्यांना त्याचा पत्ता नाही. सून वांझ आहे असं समजून वडीलधारे तिचं पोट धुवायला औषध घेऊन येतात. आतो एवढं एक वाक्य सोडून बाकी सगळं बोलतो. तिथल्या अकान समाजात वंश आईकडून चालतो. त्या हिशेबाने युलालीचं मूल आतोच्या कुळात मोजलंही जाणार नाही. तरी रिकाम्या कुशीचा जाब तिलाच द्यायचा! आपल्याकडे तपासण्या आधी सुनेच्याच होतात, त्यामुळे मराठी नटांना हा प्रवेश समजावून सांगावा लागत नाही.

त्या प्रवेशात मी आतोला वडीलधारे आणि आतलं दार यांच्या मधोमध बसवते. मान खाली घालायची नाही. प्रत्येक प्रश्नाला त्याने श्वास घ्यायचा, ओठ उघडायचे आणि मग भलतंच काही बोलायचं. उत्तर दर वेळी त्याच्या तोंडापर्यंत आलं होतं, हे शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे.

‘अनोवा’मध्ये (1970) आयडूंनी हीच गाठ आणखी आवळली. अनोवा स्वतःच्या पसंतीने कोफी आकोशी लग्न करते. तो गुलामांच्या जिवावर श्रीमंत होतो. मूल होत नाही म्हणून ती त्याला दुसरी बायको करायलाही सांगते. दोष त्याच्यात आहे हे ती अखेर चारचौघांत बोलून दाखवते, आणि दोघंही जीव देतात.

‘डिलेमा’त मात्र आतो शेवटी खरं सांगतो आणि सासू, एसी कोम, सुनेला घरात घेते. हे नाटक 1964 मध्ये घाना विद्यापीठात झालं, तेव्हा आयडू विशीतल्या विद्यार्थिनी होत्या. कुणी ते मराठीत करणार असेल तर एवढं ऐका: युलालीच्या तोऱ्यावर हशे वसूल करू नका, आणि आतोला बिचारा करू नका. त्याला बोलता येत होतं.