सर्वांत हळू गाडी पुढे

३१ डिसेंबरच्या रात्री शहरातली माणसे नव्या वर्षाच्या धुंदीत असतात, तेव्हा सापगावच्या बुद्धविहारासमोर आमच्या मोटारसायकली उभ्या राहतात. भातसा नदीवरून असा गारठा येतो की हँडल धरवत नाही. विहारात त्रिशरण-पंचशील होते. आया-बहिणी भाकरी-चटणीच्या पुरचुंड्या आमच्या पिशव्यांत कोंबतात, आणि आम्ही भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला निघतो. मुरबाड, टोकावडे, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा, चाकण, शिक्रापूर असा दीडशे किलोमीटरहून अधिक रस्ता.

आम्ही म्हणजे कोणी मोठी माणसे नव्हेत. कोणी आसनगाव-वाशिंदकडे कारखान्यात कंत्राटावर, कोणी रिक्षा चालवतो, कोणी गवंड्याच्या हाताखाली. १ जानेवारीचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. गाड्याही हप्त्यावरच्या. तरी जायचे ते जायचेच.

पण पहिल्या वर्षी आम्ही कसे गेलो, ते आज सांगताना लाज वाटते. कोणाच्या डोक्यावर हेल्मेट नाही. काही गाड्यांवर ट्रिपल सीट. हातात झेंडे, तोंडात घोषणा, आणि पुढे कोण जातो याची चढाओढ. माळशेजच्या एका वळणावर, पहाटेच्या अंधारात, आमच्यातल्या एकाची गाडी खडीवरून घसरली. जीव वाचला, पण मांडीचे हाड मोडले. त्याला घेऊन आम्ही अर्ध्या वाटेतून मागे फिरलो. तो तीन महिने घरी बसला. कंत्राटी माणसाला कसली भरपगारी रजा? त्याच्या गाडीचा हप्ता आम्ही वर्गणी काढून भरला.

बुद्धपौर्णिमेला विहारात पुढच्या वर्षीच्या रॅलीचा विषय निघाला. तेव्हा त्याची आई उठली. ती म्हणाली, "पोरांनो, स्तंभावरची माणसं लढता लढता गेली. माझा पोरगा कशापायी पडला, तेवढं मला सांगा." साऱ्या विहारात कोणाला उत्तर देता आले नाही.

शेवटी हवालदार काका बोलले. महार रेजिमेंटमधून निवृत्त होऊन आलेले हे काका आमच्या शेजारच्या पाड्यावर राहतात. एरवी ते फारसे बोलत नाहीत. ते म्हणाले, "वहिनी, यंदा मी यांच्याबरोबर जातो." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "लष्कराचा ताफा निघतो तेव्हा सर्वांत हळू चालणारी गाडी पुढे ठेवतात. तिच्या चालीने बाकीच्यांनी चालायचं. मागं कोणाला टाकायचं नाही. हे जमत असेल तर चला, नाही तर एस.टी.ने जा."

त्या वर्षी आम्ही काकांच्या शिस्तीने गेलो. आदल्या दिवशी प्रत्येक गाडीचे ब्रेक, चेन, दिवे आणि टायरची हवा तपासली. हेल्मेट नसेल त्याने यायचे नाही. घाटात घोषणा नाहीत. सर्वांत पुढे कोण? तर मांडीत सळई घातलेला आमचा तोच मित्र, जुन्या स्प्लेंडरवर.

वाटेत चहाला थांबलो तेव्हा काकांनी त्या लढाईची हकीकत सांगितली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची सुमारे ८०० माणसांची तुकडी शिरूरहून निघाली आणि रात्रभर चालून सकाळी कोरेगावला पोहोचली. समोर दुसऱ्या बाजीरावाची कितीतरी पटींनी मोठी फौज. दिवसभर अन्नपाण्याविना ती माणसे लढली. आम्ही गाडीवर बसून थंडीची तक्रार करीत होतो, तेथे ते बंदूक खांद्यावर घेऊन चालत होते!

आमच्यातल्या एका कॉलेजच्या पोराने विचारले, "पण काका, ते कंपनी सरकारकडून लढले ना?" काका रागावले नाहीत. म्हणाले, "खरं आहे. पण ज्याला गावात माणूस म्हणून मान नव्हता, त्याला तिथं शिपाई म्हणून उभं राहता आलं, हेही खरं. आणि इंग्रज सरकारनं तरी काय केलं? १८९२ मध्ये महारांची भरतीच बंद केली." म्हणजे रक्त घेतले आणि दार लावून घेतले. ते दार उघडावे म्हणून आपल्या वाडवडिलांनी अर्ज केले, खेटे घातले. सुभेदार रामजींचे सुपुत्र बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी या स्तंभापाशी आले. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या टोपीच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता.

कोरेगावजवळ गाड्या लांब ठेवून बाकीची वाट आम्ही गर्दीतून गेलो. पुलाच्या पलीकडे पेरणे हद्दीत तो दगडी स्तंभ. २०१८ मध्ये, लढाईला २०० वर्षे झाली त्या दिवशी येथे हिंसाचार झाला. तेव्हापासून घरची माणसे धास्तावतात, पण लेकरे कडेवर घेऊन बाया आजही येतात. स्तंभावर ४९ जणांची नावे आहेत. त्यांत २२ महार. बाकीचे इतर जातिधर्मांचे.

काकांनी पदके लावलेला कोट चढवला आणि खाडकन सलाम ठोकला. त्यांचे ओठ हलत होते. आम्हांला वाटले, स्तंभावरची नावे वाचताहेत. जवळ जाऊन ऐकले तर ती नावे वेगळीच होती. त्यांच्या पलटणीतल्या, परत न आलेल्या सोबत्यांची. ती ज्या दगडावर असतील तेथे काकांना दर वर्षी जाता येत नाही. म्हणून ते येथे उच्चारीत होते.

आमच्या घोषणा घशातच राहिल्या.

तेव्हापासून आम्ही दोन नियम केले आहेत. येणाऱ्या प्रत्येकाने त्या २२ पैकी एक नाव पाठ करायचे आणि स्तंभासमोर ते उच्चारायचे. दुसरा नियम परतल्यानंतरचा. आसपासच्या गावांत जे माजी सैनिक आहेत, ज्या सैनिकांच्या विधवा आहेत, त्यांच्या घरी वर्षभर जायचे. कोणाला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत न्यायचे, कोणाचा कागद ठाण्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात पोहोचवायचा. एका म्हाताऱ्या मावशीला बँकेत नेताना आमची गाडी अगदी बैलगाडीच्या चालीने चालते. पण काकांनी शिकवलेच आहे, सर्वांत हळू गाडी पुढे.

बंधू-भगिनींनो, झेंडे जरूर घ्या, गाड्याही काढा. पण दगडावरच्या शिपायाला सलाम करून परतल्यावर शेजारच्या घरातल्या शिपायाला विसरू नका. आणि पोरांना पाठवाल तेव्हा हेल्मेटशिवाय उंबरा ओलांडू देऊ नका.

त्या माऊलीने गेल्या वर्षी स्वतः लेकाच्या हेल्मेटचा पट्टा आवळला आणि म्हणाली, "जा, माझ्याही वाटचा जयभीम सांग."