दोन जाफराबाद

जालन्याला जायला निघालो तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आम्हांला बजावून सांगितले होते की, येताना मोसंबी आणा. कोणी म्हणाले, राजूरच्या गणपतीला जाऊन या. कोणी समर्थांच्या जांब गावाची आठवण करून दिली. इतिहासाचा नाद असलेल्या एका मित्राने भोकरदनचे नाव काढले. सातवाहनांच्या काळातले भोगवर्धन ते हेच. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण तर निघण्यापूर्वी निदान चार जणांनी ऐकवली. पण या गावाहून मी बोंबलांविषयी काही शिकून येईन, असे भाकीत मात्र कोणीही केले नव्हते.

आणि करणार तरी कसे? जालना समुद्रापासून चांगले तीनशे किलोमीटर आत. पायाखाली काळी माती, गावातून वाहणारी कुंडलिका, आजूबाजूला कापूस, ज्वारी आणि मोसंबीच्या बागा. बियाण्यांच्या आणि लोखंडी सळयांच्या व्यापाराने गाव भरभराटीला आलेले. १९८१ साली औरंगाबादपासून वेगळा होऊन त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. आमच्या मुलीची इथे बदली झाली, म्हणून दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आम्ही दोघे तिच्याकडे मुक्कामाला गेलो.

आमच्या सौ.चे माहेर मुरुडचे. समुद्राच्या गाजेवर वाढलेल्या माणसाला चार दिवस मासळीचा वास आला नाही की चुकल्याचुकल्यासारखे होते. पाचव्या दिवशी आठवड्याचा बाजार भरला आणि भाजीच्या निमित्ताने आम्ही बाहेर पडलो. मिरच्यांचे ढीग, लसणाच्या जुड्या, दोरखंडे, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा असे बघत बघत बाजाराच्या टोकाला आलो आणि सौ. एकदम थांबल्या. वारा त्या बाजूने येत होता.

गोणपाटावर सुकटीचा गुलाबी ढीग, शेजारी सोडे, आणि त्यांच्या पलीकडे बोंबलांच्या दोन राशी. राशींमागे साठीची एक बाई बसली होती.

“जाफराबादी हायेत, ताई. बघा तरी हातात घेऊन,” ती म्हणाली.

आता जाफराबाद हा याच जिल्ह्यातला तालुका. आदल्याच दिवशी आम्ही तिथे जाऊन आलो होतो. पूर्णा आणि खेळणा या नद्यांच्या काठी वसलेले ते गाव मी डोळे भरून पाहिले होते. तेव्हा मी मोठ्या अधिकाराने म्हणालो, “मावशी, कालच आम्ही जाफराबादेत होतो. तिथल्या नदीत बोंबील कुठले आलेत?”

बाई पदर तोंडाला लावून हसली. त्याहून वाईट म्हणजे सौ. हसल्या.

“अहो, ते जाफराबाद नव्हे. समुद्रावरचे. आमच्या जंजिऱ्याच्या सिद्दीचे.”

मग भर बाजारात मला इतिहासाचा धडा मिळाला. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, आजच्या अमरेली जिल्ह्यात, दुसरे जाफराबाद आहे. संस्थाने विलीन होईपर्यंत ते जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबाकडे होते. तिथला सुका बोंबील नावाजलेला. तो मुंबईच्या व्यापाऱ्यांमार्फत देशावरच्या बाजारांत पोचतो. एका जाफराबादचा बोंबील दुसऱ्या जाफराबादच्या शेजारी येऊन विकला जात होता, आणि त्या दोहोंच्या मध्ये मी शहाणपण पाजळीत उभा होतो!

मान खाली घालून मी राशींकडे पाहू लागलो. एक रास हस्तिदंती रंगाची. तिच्यातला बोंबील वाकवला तर लवत होता. दुसरी रास तांबूस-तपकिरी. तिच्यातल्या बोंबलाचा बोट लावताच तुकडा पडला.

“हे दोन निरनिराळ्या गावचे काय?”

“नाही, दादा. एकाच गोणीतले. ह्यो सावलीतला अन् ह्यो पत्र्यावरचा.” तिचा आवाज जरा खाली आला. “पावसाळ्यात गोणीला ओल लागली. पोरगं म्हणलं, ऊन चांगलं पडलंय, पत्र्यावर टाकतो. म्या गावाला गेल्ते. आले तवा झालं व्हतं जे व्हायचं ते. अर्धी गोणी गेली. उसनवारीच्या पैशाचा माल व्हता.”

ऊन दिले तर माल सुधारायला हवा, तो बिघडला कसा? त्याचे उत्तर घरी परतताना सौ.नी दिले, आणि पुढे मी जे वाचले त्याने ते पक्के झाले.

ताजा बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच. शंभर भागांत पंचाऐंशी ते नव्वद भाग पाणी. शंभर किलो ओल्या मासळीतून सुकी निघते ती चौदा-पंधरा किलो. कोळी मंडळी बोंबलांच्या जोड्या लावतात. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला की गाठ न मारताही जोडी दोरीवर लोंबकळते. खांब रोवून, दोऱ्या ताणून उभ्या केलेल्या या वलांडीवर मासळी जमिनीपासून उंच राहते आणि चहूबाजूंनी वारा खाते. इथे ऊन जितके महत्त्वाचे तितकाच वारा.

सुरुवातीला पाणी पृष्ठभागावरून भराभर उडते. त्यानंतर आतले पाणी हळूहळू बाहेर यावे लागते, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. आरंभीच उष्णता चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या फार वर गेली, तर वरची कातडी आवळून टणक होते आणि आतले पाणी आतच कोंडते. बाहेरून खडखडीत आणि आतून ओला, असा मासा थोड्याच दिवसांत आतून नासतो. उष्णता त्याहूनही वाढली तर मासा सुकत नाही, चक्क शिजतो आणि मग त्याचा भुगा होतो. उलट हवा थंड आणि दमट असली तर सुकण्याआधीच तो आंबतो, माश्या बसतात. नीट सुकलेल्या माशात ओलावा शेकडा पंधराच्या खाली असला की बुरशी सहसा धरत नाही.

मावशीच्या मालाचे दुखणे थोडे वेगळे. एकदा सुकलेला बोंबील पावसाळी हवेतला ओलावा पुन्हा पितो. असा अर्धवट दमट मासा कढत पत्र्यावर पडला (भर उन्हात पत्रा साठ अंशांच्याही पुढे तापतो) की त्यातली प्रथिने करपटल्यासारखी तांबूस होतात, होता नव्हता तो स्निग्धांश खवट होतो, आणि पाणी पुन्हा शोषून फुगण्याचा त्याचा गुण नाहीसा होतो.

नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर कॉड मासा असाच लाकडी मांडवांवर टांगतात. मीठसुद्धा लावीत नाहीत. फेब्रुवारी ते मे, हवा शून्य अंशाच्या जरा वर, आणि तीन महिने वारा. कडाका वाढून मासा गोठला तर त्याचे मांस फाटते आणि हवा फार ऊबदार झाली तर माश्या येतात. त्यांची कसरत थंडीशी, आपली उन्हाशी, पण तत्त्व एकच. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने (स्थापना १९५७) सूर्याच्या उष्णतेवर चालणारे बंदिस्त वाळवणयंत्र तयार केले आहे. त्यात आच आवरता येते आणि धूळ-माश्यांची भीती राहत नाही.

सौ.नी दोन्ही राशींतले बोंबील घेतले होते. मावशीने तपकिरी रास निम्म्या भावाने दिली आणि वर बजावले, “हे चटणीलाच वापरा, ताई. कालवणात घालू नका, मला शिव्या द्याल.”

पण परीक्षा घेतल्याशिवाय आमचे समाधान कसे व्हावे? दोन्ही कोमट पाण्यात भिजत घातले. हस्तिदंती बोंबील घटकाभरात फुगून मऊ झाला. वांगे आणि आमसूल घालून केलेल्या कालवणात त्याला थेट मुरुडची चव आली. ज्वारीची भाकरी कमी पडली. तपकिरी मात्र वातड तो वातडच राहिला, आणि रसाला कडसर, शिळी चव आली. उरलेला भाजून, लसूण आणि सुक्या मिरच्यांबरोबर कुटला तेव्हा कुठे तो ताटात खपला. मावशीचा शब्द अक्षरशः खरा ठरला.

मला मात्र त्या चवीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने विचारात पाडले. त्या दोन राशी एकत्र मिसळल्या असत्या तर घाईच्या बाजारात किती जणांच्या ध्यानात आले असते? उसनवारी डोक्यावर असताना ती बाई तसे करू शकली असती. तिने दोन राशी वेगळ्या ठेवल्या.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही मुद्दाम तिच्या घरावरून गेलो. पत्रा रिकामा होता. अंगणातल्या लिंबाच्या सावलीत एक बाज उभी-आडवी टेकवून ठेवली होती. तिच्या सुतळ्यांवर बोंबील पसरले होते आणि ऑक्टोबरचा कोरडा वारा त्यांच्यामधून खेळत होता. पोरगा शेजारी काठी घेऊन मांजर राखीत बसला होता.

“पत्र्यावर नाही टाकलेस?” मी विचारले.

“आय म्हणती, उन्हाला घाई असती, वाऱ्याला नसती,” तो म्हणाला, आणि काठी सरसावून मांजरामागे धावला.

मोसंबी आम्ही आणलीच. पण शेजारी घरी आले तेव्हा सौ.नी आधी डबा उघडला तो हस्तिदंती बोंबलांचा.

“कुठले हो हे?” कोणीतरी विचारले.

“जाफराबादचे,” मी म्हणालो, आणि पुढचा प्रश्न कोणता येतो त्याची वाट पाहत बसलो.