दारं धरणं

सलग पाच वर्षे पुण्यात राहून मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला. शेवटच्या खेपेला मुलाखतीपर्यंत पोचलो, पण अंतिम यादीत नाव नव्हतं. पणदऱ्याला परत आलो. त्याच रात्री आमच्या उसाला पाण्याची पाळी होती. अब्बांबरोबर दारं धरायला गेलो. ते एवढंच म्हणाले, "बेटा, दारं आपण नीट धरायची. पाणी किती येईल ते वरून ठरतं."

हा नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास झाला. १८७६-७७ च्या दुष्काळाने होरपळलेल्या या भागातली ज्वारी-बाजरी वाचावी, हा त्यामागचा हेतू. पुढे त्याच पाण्यावर ऊस उभा राहिला, गुऱ्हाळं आली, माळेगावचा सहकारी साखर कारखाना आला. कालवा खोदणाऱ्यांच्या मनात हे नव्हतं. पण कालवा खोदला नसता तर हेही झालं नसतं.

पाच वर्षे मी 'इन्शाअल्लाह, अधिकारी होईन' म्हणत होतो. खरं तर निकाल मनात आधीच ठरवून बसलो होतो. अल्लाहच्या मर्जीला मी त्यात जागाच ठेवली नव्हती.

आता संध्याकाळी गावातली पंधरा-वीस मुलं माझ्याकडे गणित आणि इतिहास शिकायला येतात. तीच पुस्तकं, त्याच वह्या कामाला येतात. दुःख संपलं असं म्हणणार नाही. निकाल लागला की अजूनही नजर यादीत स्वतःचं नाव शोधते. पण सहा वाजले की मुलं दारात उभी असतात, आणि मी फळा पुसायला उठतो.