आजीचा डबा आणि फोर्टची चक्कर

फोर्ट म्हणजे फक्त पुस्तकांचे स्टॉल, इराणी चहा आणि लंच टाइमची गर्दी? एकदा हातात जुने पैसे घेऊन चालून बघा. 'आता या वयात कुणाला विचारायचं?' टाइपचे पैशांचे सगळे प्रश्न इथेच सुटतात!

परवा एक कॉम्प-ऑफ मिळाला होता. प्लॅन सिंपल होता : अकरापर्यंत झोपायचं, मग मागवून खायचं, मग परत झोपायचं. पण आईने सातलाच पांघरूण ओढलं. ''ऊठ गं, फोर्टला जाऊन येऊ. त्या डब्याचं काहीतरी करायलाच हवं.''

डबा म्हणजे आजीचा, बिस्किटांचा, पत्र्याचा. गेल्या वर्षी आजी गेली. डोंबिवलीच्या घरातलं तिचं कपाट आवरताना नऊवारी लुगड्यांच्या खाली तो सापडला. आत काय? पाचशेच्या सात जुन्या नोटा, रबर बँड लावलेल्या. शंभराची एक फाटकी नोट. मूठभर चार आणे. आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पासबुक, ज्याचा घरात कुणालाच पत्ता नव्हता.

पाचशेच्या सात नोटा म्हणजे साडेतीन हजार. आपलं एका वीकेंडचं बिल हो! पण आई त्या नोटा हातात घेऊन कितीतरी वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ''तेव्हा मी तीनदा विचारलं होतं त्यांना. आई, तुमच्याकडे काही असेल तर द्या, मी रांगेत उभी राहते. तिन्ही वेळा नाही म्हणाल्या.''

2016 च्या त्या नोव्हेंबरमध्ये घराघरांत हेच चाललं होतं. भाजीतून, दिवाळीच्या ओवाळणीतून वाचवलेले बायकांचे पैसे डाळ-तांदळाच्या डब्यांतून बाहेर आले. आजीचे आले नाहीत. सुनेसमोर डबा उघडायचा नव्हता, एवढंच. आणि आईला नेमकं तेच लागलं होतं.

नोट कधी मरते?

व्हीटीला (आईसाठी ते कायम व्हीटीच) उतरून आम्ही शहीद भगतसिंग मार्गाने चालू लागलो. आईने फोर्टातल्या एका ऑफिसात अठ्ठावीस वर्षं काढलीत. त्यामुळे ती इथे चालत नाही, तिचे पाय आपोआप चालतात.

समोर रिझर्व्ह बँकेची ती उंच इमारत. ही बँक सुरू झाली 1 एप्रिल 1935 ला, तेव्हा मुख्यालय कलकत्त्याला होतं. 1937 मध्ये ते मुंबईला आलं ते कायमचं. आणि तिचे पहिले भारतीय गव्हर्नर कोण? आपले चिंतामणराव देशमुख, रायगडाजवळच्या नाते गावी जन्मलेले. 1943 ते 1949 अशी सहा वर्षं नोटांचा कारभार त्यांच्या हातात होता.

फुटपाथवर थांबून मी पर्समधली शंभराची नोट काढली. रोज हाताळतो, पण वाचतो का कधी? पुढच्या बाजूला गव्हर्नरांचं वचन असतं, धारकाला एवढे रुपये देईन म्हणून. नोट म्हणजे फक्त हे वचन! कागद तर कापसाचा. वचनामागे रिझर्व्ह बँक सोनं, परदेशी रोखे आणि सरकारी रोखे बाळगते. एक रुपयाची नोट मात्र सरकारची. तिच्यावर वित्त सचिवांची सही असते आणि वचन नसतंच. पब क्विझला हमखास चालणारा प्रश्न, लक्षात ठेवा.

आता नोट उलटी करा. डावीकडे भाषांची पट्टी आहे, पंधरा भाषा. मराठी कितवी? वरून मोजा, आठवी. खालून मोजा, आठवीच! इंग्रजी नावांच्या क्रमाने लावल्यामुळे आपण बरोब्बर मध्ये आलोय.

''मग या सात नोटांवरच्या वचनाचं काय झालं?'' आईने विचारलं.

उत्तर कडू आहे. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री जुन्या पाचशे आणि हजारच्या नोटा चलनातून गेल्या. बँकेत भरायची मुदत होती 30 डिसेंबर 2016 पर्यंत. त्या काळात देशाबाहेर असलेल्यांना पुढे थोडे महिने मिळाले. मग 2017 मध्ये कायदा झाला आणि या नोटांची जबाबदारीच संपली. म्हणजे वचन मोडलं नाही, कायद्याने मिटवलं. आज त्या रिझर्व्ह बँकेतही बदलून मिळत नाहीत. आठवण म्हणून ठेवता येतात, पण दहापर्यंतच. त्याहून जास्त बाळगणं त्याच कायद्याने गुन्हा ठरवलाय. (अभ्यासक आणि संग्राहकांना पंचवीसपर्यंत मुभा आहे.) आमच्या सात, म्हणजे सेफ!

आणि दोन हजारची गुलाबी नोट? तिचं प्रकरण वेगळं. ती 19 मे 2023 ला मागे घेतली, पण रद्द केली नाही. घरात एखादी निघालीच तर रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसांतून तिचे पैसे मिळू शकतात. दोन्ही नोटा 'बंद' झाल्या असं आपण सरसकट म्हणतो, पण एक मेली आणि दुसरी रिटायर झाली. दोन्हींत केवढा फरक!

चार आण्याचं काय करायचं?

जवळच टांकसाळ आहे, 1829 पासूनची. आत सोडत नाहीत, गेटवर बंदोबस्त असतो. पण बाहेर उभं राहून एक खेळ खेळता येतो. खिशातली नाणी काढा आणि सालाच्या खाली बघा. बारीकसा हिरा दिसला तर नाणं इथलं, मुंबईचं. चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.

आजीचे चार आणे स्टीलचे, गेंड्याचं चित्र असलेले. ती त्यांना 'पावली' म्हणायची. 1957 पर्यंत रुपयाचे सोळा आणे असायचे, शंभर पैशांचा हिशेब त्या वर्षीच्या 1 एप्रिलपासून आला. आणे गेले तरी तोंडातली पावली गेली नाही. अकरा गेंड्यांपैकी चार हिरेवाले निघाले. इथे जन्मले, डोंबिवलीच्या डब्यात राहिले आणि परत दारात आले.

पण ती नाणीही गेलेली. चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 पासून बंद आहेत. आठ आणे मात्र कायद्याने आजही चालतात, दुकानदार कितीही तोंड वाकडं करो. दहाच्या नाण्याचंही तेच. त्याचे चौदा डिझाइन आहेत आणि सगळे खरे, हे रिझर्व्ह बँकेने 2018 मध्येच सांगून टाकलंय. रिक्षावाल्याशी पुढच्या वेळी भांडण झालं तर बिनधास्त सांगा.

(नाण्यांत गोडी लागली तर सर फिरोजशहा मेहता रोडवर अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं म्युझियम आहे. फक्त वेळ आणि सुट्ट्या आधी बघून जा.)

फाटकी नोट कोण घेतं?

आता बँक. आजोबांचं ऑफिस फोर्टात होतं, म्हणून आजीचं खातंही इथल्याच एका शाखेत. आधी काउंटरवर ती फाटकी शंभराची नोट ठेवली. कोपरा गेलेला, मधे चिकटपट्टी. आमच्या घराजवळच्या शाखेने ती बघूनच परत केली होती, ''रिझर्व्ह बँकेत जा'' म्हणून.

चूक! फाटकी नोट कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत बदलून मिळायला हवी. तिथे तुमचं खातं असण्याचीही गरज नाही. नियम सोपा आहे. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सगळ्यात मोठा अखंड तुकडा 80 टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे. 40 ते 80 टक्के असेल तर अर्धे. 40 हून कमी असेल तर काही नाही. वीसपर्यंतच्या नोटांना निम्म्याहून जास्त तुकडा लागतो, तरच पूर्ण पैसे.

काउंटरवरच्या मॅडमनी नोट उजेडात धरली, बोटाने अंदाज घेतला आणि नवी कोरी शंभराची नोट दिली. दोन मिनिटं! घराजवळ यासाठी आम्ही तीन चकरा मारल्या होत्या.

विसरलेलं खातं कुठे जातं?

आणि मग पासबुक. शेवटची एंट्री 2011 ची. त्याआधी महिन्याला शंभर रुपये, क्वचित दीडशे. एकही महिना चुकलेला नाही. 2011 मध्ये आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, त्यानंतर ती एकटी ट्रेनमध्ये चढली नाही. बाकी 14,310 रुपये.

मला वाटत होतं, बँकेने खाल्ले असतील. तसं नसतं. दहा वर्षं खात्यावर काहीच व्यवहार झाला नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका फंडात जाते. 2014 पासूनची ही सोय आहे. पण पैसे खातेदाराचेच राहतात. तो किंवा त्याचे वारस कधीही मागू शकतात. आपली बँक आधी पैसे देते, मग फंडाकडून वसूल करते. बचत खातं असेल तर व्याजही मिळतं. आणि असं खातं शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे, ऑगस्ट 2023 पासून. मी घरीच आजीचं नाव टाकून बघितलं होतं, तिथे ते सापडलं. म्हणून तर आम्ही इथे आलो होतो.

मॅडमनी मृत्यूचा दाखला बघितला, कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं. ''नॉमिनी आहे यात,'' त्या म्हणाल्या.

आई म्हणाली, ''माझे मिस्टर असतील. नाहीतर नणंदबाई.''

मॅडमनी स्क्रीनवरून नाव वाचलं. ते आईचं होतं.

पूर्ण नाव, सासरचं. नातं : सून. तारीख 1998 ची, आईच्या लग्नानंतरची तीन वर्षं. आईने चष्मा काढला, पुसला, परत घातला. ''फॉर्म कुठला भरायचा?'' एवढंच विचारलं. कागदपत्रं पूर्ण असली की बँकेने पंधरा दिवसांत क्लेम निकालात काढायचा असतो. आधार कार्ड, दाखला आणि सही दिली. झालं!

वडाखाली

बाहेर आलो तर एक वाजला होता. कोपऱ्यावर वडापाव घेतला आणि हॉर्निमन सर्कलच्या बागेत जाऊन बसलो. समोर टाउन हॉलच्या पायऱ्या, त्यांवर नेहमीप्रमाणे फोटो काढणारी मंडळी. याच टाउन हॉलसमोर 1850 च्या दशकात वडाच्या झाडांखाली शेअर दलाल जमायचे. ना स्क्रीन, ना डिमॅट, नुसता शब्द. त्यांचीच पुढे 1875 मध्ये संघटना झाली, तोच आजचा मुंबई शेअर बाजार, इथून हाकेच्या अंतरावर दलाल स्ट्रीटला.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ''मला वाटायचं, त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता.''

मी काय बोलणार? त्यांनी दिलं होतं सगळं, फक्त सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते साडेतीन हजार वाचले असते. आणि आईच्या मनात इतकी वर्षं जे सलत होतं, तेही.

''आणि तुझं गं?'' आईने एकदम माझ्याकडे मोहरा वळवला. ''तुझं काय काय कुठे आहे?''

मी हसायला लागले, पण मग हसू थांबलं. दोन सॅलरी अकाउंट, त्यातलं एक जुन्या कंपनीचं, पासवर्ड विसरलेलं. पीएफचे दोन नंबर. तीन एसआयपी, त्यांतल्या एकीचं नाव मलाच धड सांगता येईना. नॉमिनी? बहुतेक ठिकाणी 'नंतर भरा' वर क्लिक केलेलं. डोंबिवलीतल्या डब्याला निदान झाकण तरी होतं. माझा डबा फोनमध्ये, आणि त्याला माझाच अंगठा लागतो!

मग तिथेच, वडापावच्या कागदावर, आईने पेन काढलं. रिटायर्ड हेडक्लार्क, कॉलम आखूनच लिहिणार. बँक, खातं, नॉमिनी. तिने नियमही ऐकवले. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे हातात घेणारा विश्वस्त. खरा हक्क वारसांचा, म्हणून मृत्युपत्र वेगळं करावं. नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनी लावता येतात. आणि एका बँकेत एका माणसाच्या 5 लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे, व्याज धरून, म्हणून सगळं एकाच टोपलीत नको. हे तुला कसं माहीत, विचारलं तर म्हणाली, ''तू कधी विचारलंस?''

खरंच की. जेवण काय केलं, हे रोज विचारतो. पगार, कर्ज, बचत... चिडीचूप! जणू काही चोरीचं आहे.

चार वाजून गेल्यावर आम्ही व्हीटीकडे निघालो. डबा आईच्या पिशवीत होता. आत सात मेलेल्या नोटा, अकरा गेंडे आणि घडी घातलेला तो कागद, तेलाच्या डागासकट. शंभराची नवी नोट आईने वेगळी ठेवली होती. ''ही कशाला?'' मी विचारलं.

''त्यांची आहे,'' ती म्हणाली. ''त्यांच्या नावाने पेढे नेऊ घरी.''

ट्रेनमध्ये खिडकी मिळाली. डोंबिवली येईपर्यंत मी दोन ठिकाणी नॉमिनी भरून टाकले होते. नातं : आई.