पडद्यावरचे पुणे

परदेशी स्थायिक झालेल्या आमच्या पुतणीचे गेल्या महिन्यात पत्र आले. "मुलांना पुणे पाहावयाचे आहे, परंतु अजून दोन वर्षे तरी तिकडे येणे घडेलसे दिसत नाही. काका, ज्यांत आपले पुणे दिसेल असे चार-पाच चित्रपट सुचवा, रविवारी एकेक लावीन म्हणते," अशी तिची मागणी होती.

मागणी तशी किरकोळ. चित्रपटांविषयी मत देण्यास पुणेकराला तयारी करावी लागत नाही. किंबहुना न मागता मत देण्याचीच त्याला सवय असते. आम्ही पाव तासात एका पाठकोऱ्या कागदावर पाच नावे लिहून मोकळे झालो : 'संत तुकाराम', 'रामशास्त्री', '२२ जून १८९७', 'अस्तु' आणि मुलांनी अगदीच जांभया देऊ नयेत म्हणून 'मुंबई-पुणे-मुंबई'. परंतु तो कागद धाडणे काही झाले नाही. आठ दिवस तो मेजावर पडून राहिला, आणि रोज येताजाता वाचताना त्यातला 'आपले' हा शब्द आम्हांस टोचू लागला. आपले पुणे म्हणजे नेमके कोणाचे?

यादीतील पहिल्या नावाविषयी आमच्या घरात दुमत होणे शक्य नव्हते. आमचे वडील, ज्यांस आम्ही सारे नाना म्हणत असू, ते आणि 'संत तुकाराम' हा बोलपट हे दोघे एकाच सालचे, १९३६ चे. लहानपणी आजोबांचे बोट धरून 'प्रभात' चित्रगृहात नानांनी तो प्रथम पाहिला, आणि पुढे तो जेथे लागेल तेथे ते जात राहिले. अकरा वेळा पाहिल्याचा त्यांचा हिशेब होता. कोणी म्हणेल, देहू म्हणजे पुणे नव्हे. ते तीसेक किलोमीटर दूर इंद्रायणीकाठी आहे. हे खरे, परंतु नानांचे देहू एरंडवण्यातले होते. कोल्हापुरात १९२९ साली निघालेली प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली आणि तिने येथे आपले कलागृह थाटले. दामले आणि फत्तेलाल या जोडीने तेथे हा बोलपट केला. साहेबमामा फत्तेलाल हे मूळचे चित्रकार. त्यांच्या नजरेने पारखलेल्या त्या ओसऱ्या, ते देऊळ आणि त्या चुली पाहून प्रत्यक्ष देहूच्या माणसालाही आपले गाव ओळखीचे वाटावे. तुकोबांचे गाव एका शेख फत्तेलाल यांनी असे उभे करावे, यात त्या काळी कोणास नवल वाटल्याचे नाना सांगत नसत, आणि ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे हेही त्यांस कधी वाटले नाही.

या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिसच्या उत्सवात गौरव झाला, हे सर्वश्रुत आहे. आम्हांस त्याहून मौजेची वाटते ती आणखी एक गोष्ट. त्यातील एक अभंग शांताराम आठवले यांनी रचलेला आहे. तो इतका बेमालूम उतरला की पुष्कळांनी तो तुकोबांचाच समजून गाथेत शोधला! रचलेले देहू खरे ठरले, तसा रचलेला अभंगही खरा ठरला. परंतु नाना या साऱ्यासाठी अकरा वेळा गेले नाहीत. ते गेले गौरीबाईंच्या जिजाईसाठी. नवरा भजनात दंग, घरात दाणा नाही, मूल तापाने फणफणलेले; अशा वेळी तडक देवळात शिरून विठोबावर पायताण उगारणारी ती बाई. शेवटी वैकुंठाचे विमान दारी आले तरी तिला तिचा संसार सुटत नाही. विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा डोळे मिटून गातात तेव्हा आपलेही हात जुळतात; परंतु सारे घर उभे आहे ते जिजाईच्या ओरडण्यावर, असे नाना म्हणत. "ती ओरडते, पण कोणाला उपाशी ठेवीत नाही," हे त्यांचे ठरलेले वाक्य होते.

दुसरा चित्रपट 'रामशास्त्री', १९४४ चा, तोही प्रभातचाच. शनिवारवाडा १७३२ मध्ये बांधून झाला आणि १८२८ च्या आगीत आतल्या इमारती भस्म झाल्या. आज तेथे तट आहे, दिल्ली दरवाजा आहे, जोती आणि कारंज्यांचे हौद आहेत. दिवाणखाना पाहिलेला मनुष्य मात्र गेल्या जवळजवळ दोनशे वर्षांत झालेला नाही. असे असून त्या रिकाम्या जोत्यांवर उभे राहिले की आम्हांस खांब दिसतात, बैठक दिसते, आणि नारायणरावांच्या खुनाबद्दल, १७७३ च्या त्या पातकाबद्दल, राघोबादादांस देहान्ताचे प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री दिसतात. त्यांचा चेहरा गजानन जागीरदारांचा असतो, हे सांगावयास नको. सत्तेच्या तोंडावर निकाल सांगून पुणे सोडून जाणारा न्यायाधीश ज्या शहरात होऊन गेला, त्या शहराचे आपण रहिवासी आहोत, हा अभिमान आमच्या पिढीला इतिहासाच्या पुस्तकाने दिला त्याहून या पडद्याने अधिक दिला.

'२२ जून १८९७' आला तो १९७९ मध्ये. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या या चित्रपटात प्लेगचे पुणे आहे. गोरे शिपाई घराघरांत शिरत आहेत, स्वयंपाकघर आणि देवघर हा भेद त्यांस ठाऊक नाही, आणि चापेकर बंधू रँडवर नजर ठेवून आहेत. आम्ही तेव्हा नुकतेच महाविद्यालयात जाऊ लागलो होतो. खेळ सुटल्यावर दोघे मित्र सायकली हाणीत गणेशखिंड रस्त्याला गेलो आणि अंधारात बराच वेळ नुसते उभे राहिलो. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून रँडची गाडी त्या रात्री ज्या गव्हर्मेंट हाउसातून निघाली, तेथे आता विद्यापीठ आहे. नेहमीचा रस्ता त्या रात्री आम्हांस परका वाटला. चांगला चित्रपट पायाखालच्या रस्त्याला जुने वर्ष परत देतो, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

'मुंबई-पुणे-मुंबई' या २०१० च्या चित्रपटाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मुंबईची एक मुलगी आणि पुण्याचा एक मुलगा एक दिवसभर या शहरात हिंडतात, भांडतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांस भांडणाचीच गोडी लागते. दोघांस नावे नाहीत. मुंबई आणि पुणे हीच त्यांची नावे. पुणेकर स्वतःवर हसू शकतो, याचा तेवढाच लेखी पुरावा म्हणून आम्ही तो यादीत घातला.

राहिला 'अस्तु'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी तो २०१३ साली केला. चक्रपाणी शास्त्री नावाचे संस्कृतचे गाढे पंडित. मोहन आगाशे यांनी ती भूमिका केली आहे. त्यांची स्मृती झिजत चालली आहे. एके दिवशी रस्त्याने जाणाऱ्या हत्तीमागे ते लहान मुलासारखे निघून जातात; इकडे मुलगी त्यांना शोधीत शहर पालथे घालते, आणि तिकडे माहुताची बायको चन्नम्मा, जिची भाषाही त्यांची नव्हे, त्यांना पोराप्रमाणे सांभाळते. ते तिला आई म्हणतात. हा चित्रपट आम्ही प्रथम पाहिला तेव्हा 'उत्तम' एवढेच म्हणून उठलो. दुसऱ्यांदा पाहणे आम्हांस झेपले नाही. मधल्या काळात आमच्या घरात तो घडून गेला होता.

चार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नानांस विस्मरण जडून दीड वर्ष झाले होते. त्या सकाळी त्यांनी तिसऱ्यांदा विचारले, "प्रभातला तुकाराम लागलाय ना? तिकिटे काढलीस का?" आम्ही कामाच्या घाईत होतो. "नाना, प्रभात राहिले नाही आता! किती वेळा सांगू?" असे आम्ही जवळजवळ ओरडलोच. बोललो ते खोटे नव्हते. १९३४ मध्ये उघडलेल्या त्या चित्रगृहावरून 'प्रभात' हे नाव २०१४ नंतर गेले. आता ते 'किबे लक्ष्मी' आहे. परंतु खरे बोलतानाही मनुष्य किती दुष्ट होऊ शकतो, हे आम्हांस त्या दिवशी कळावयाचे होते. तासाभराने पाहतो तो दार उघडे आणि नाना घरात नाहीत.

सदाशिव पेठेतील आमच्या घरापासून शोध सुरू झाला. अप्पा बळवंत चौकात चित्रगृहाच्या दारापाशी एका पुस्तकविक्रेत्याने सांगितले, की एक वृद्ध गृहस्थ बराच वेळ पाटीकडे पाहत उभे होते आणि मग बाजीराव रस्त्याने मंडईकडे गेले. दुपारी चारच्या सुमारास ते सापडले. मंडईत एका भाजीवाल्या बाईंनी त्यांना आपल्या गाळ्यात पोत्यावर बसविले होते. हातात चहाचा पेला, समोर कागदावर अर्धी भाकरी आणि पिठले. बाई मोठ्या आवाजात त्यांना दटावीत होत्या, "बसा म्हणते ना बाबा! उन्हाचं कुठं निघालात? लेक येईल न्यायला." आम्ही धावत जाऊन नानांचा हात धरला. त्यांनी आम्हांस ओळखले नाही, परंतु बाईंकडे बोट करून ते अगदी समाधानाने म्हणाले, "ओरडते, पण उपाशी ठेवीत नाही."

त्यांनी जिजाईला ओळखले होते, आणि आम्हांस न ओळखल्याबद्दल त्यांना दोष देण्यासारखा आमचा चेहरा सकाळी नव्हता.

आम्ही बाईंचे आभार मानून पैसे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत. "आषाढात पालखीला या," एवढेच त्या म्हणाल्या. बोलता बोलता कळले, की त्या नाना पेठेत राहतात, आणि दर वर्षी तुकोबांची पालखी पुण्यास आली की निवडुंग्या विठोबाच्या मुक्कामी दिंडीतल्या वारकऱ्यांस जेवू घालतात. आता लिहावयास लाज वाटते, परंतु सांगतो : साठीच्या घरात येईपर्यंत आम्ही पालखीच्या मुक्कामास कधी गेलो नव्हतो. लक्ष्मी रस्त्याच्या कडेला उभे राहून हात जोडावयाचे, पालखी पुढे गेली की घरी परतावयाचे, हा आमचा परिपाठ. ती पुढे कोठे जाते, कोणाच्या दारी उतरते, हे आम्ही कधी विचारले नाही. अकरा वेळा तुकाराम पाहणाऱ्याचे आम्ही चिरंजीव, आणि आमचे पुणे लक्ष्मी रस्त्यावर संपत होते!

पुतणीसाठी केलेली यादी आम्हांस टोचत होती ती याच ठिकाणी. तीत पुण्याचा एक थोर चित्रपट नव्हता. आचार्य अत्रे यांचा 'महात्मा फुले', १९५४ चा, राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळविणारा. बाबूराव पेंढारकर ज्योतिरावांच्या भूमिकेत. ज्योतिराव आणि सावित्रीबाई यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेत, भिडे वाड्यात. नाना भटकत गेले त्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर. ज्योतिरावांचे घर गंज पेठेत, मंडईपासून फार दूर नव्हे. म्हणजे पुण्यातच घडलेली आणि पुण्यानेच विरोध केलेली ही कथा. तो चित्रपट निघाला तेव्हा नाना अठरा वर्षांचे होते. आजोबांनी त्यांना जाऊ दिले नाही, आणि नानांनी पुढे कधी हट्ट धरला नाही. आम्हांस कोणी मनाई केली नव्हती, तरी आम्हीही गेलो नाही. घरात ज्याची बंदी असते ते मुले कधीतरी चोरून पाहतात. ज्याचा विषयच निघत नाही ते मात्र राहून जाते.

अखेर आम्ही तो गेल्या आठवड्यात पाहिला. पाहताना सारखे वाटत राहिले, की रामशास्त्र्यांचा बाणा आम्ही ज्या अभिमानाने मिरविला, तोच बाणा या माळ्याच्या मुलाचा. फक्त त्याचा निकाल आमच्याच घराविरुद्ध गेला होता. म्हणून तो आमच्या आवडीच्या यादीत बसला नसावा. दुसऱ्या दिवशी भिडे वाड्याकडे गेलो. जुना वाडा २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडला गेला. शनिवारवाड्याच्या रिकाम्या जोत्यांवर खांब पाहणारे आमचे डोळे येथे मात्र काहीच उभे करू शकत नव्हते. ते चित्र त्यांत वेळीच उतरले नव्हते.

पडद्यावर पाहिलेले गाव असे मनात राहते. ते खोटे नसते; परंतु जेवढे पाहिले तेवढेच राहते. जुन्या फितीही काही अमर नाहीत. २००३ च्या जानेवारीत पुण्यातील चित्रपट संग्रहालयाच्या फितींस आग लागली आणि प्रभातच्या कितीतरी मूळ प्रती जळाल्या. 'संत तुकाराम' आज पाहता येतो, हे आपले भाग्य.

नाना त्या प्रसंगानंतर एक आषाढ पाहून गेले. त्या आषाढात आम्ही त्यांना खुर्चीत बसवून नाना पेठेत नेले होते. मंडईच्या बाईंनी त्यांना पुन्हा दटावून जेवावयास बसविले. देऊळ, टाळ, गर्दी, ओले धोतर पिळणारे वारकरी हे सारे त्यांनी शांतपणे पाहिले आणि आमच्याकडे वळून विचारले, "हा बाराव्यांदा ना?" आम्ही होय म्हटले.

यादीचा कागद काल रवाना झाला. त्यावर आता सहा नावे आहेत, आणि 'महात्मा फुले' आम्ही सर्वांच्या वर लिहिला आहे. खाली एक ओळ जोडली : दोन वर्षांनी याल तेव्हा आषाढात या, मुलांस पुण्यातील एका घरी जेवावयास न्यावयाचे आहे.