आधी क्रियापद शोधा

चाक गोल असतं आणि गोल असलं की फिरतं, याहून जास्त चाकाविषयी माहिती असण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या आणि जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला ती लागतही नाही. पण नात इंजिनिअरिंगला गेली, तिसऱ्या वर्षी कॉलेजच्या रोबोकॉनच्या संघात शिरली आणि २०२५च्या स्पर्धेसाठी रोबोची चाकं ठरवायचं काम नेमकं तिच्याकडे आलं. मग काय विचारता! आमच्या घरी पानात भाजी-आमटीबरोबर चाकंही वाढली जायला लागली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एबीयू रोबोकॉन ही एशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची स्पर्धा. पहिली झाली २००२ साली टोकियोत. आपल्याकडे दूरदर्शनच्या पुढाकाराने देशपातळीची फेरी होते आणि त्यातला विजेता बाहेर जातो. दर वर्षी यजमान देश नवा खेळ देतो आणि मुलांनी त्या खेळासाठी रोबो बनवायचे. २००८ला यजमानपद पुण्याला मिळालं तेव्हा खेळ होता गोविंदाचा, म्हणजे आपली दहीहंडी! २०२२ला दिल्लीत चक्क लगोरी होती. २०२५ला मंगोलियात, उलानबातरला, बास्केटबॉल. दोन रोबो एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, मैदान एकच. चेंडू आपटत न्यायचा, एकमेकांना द्यायचा, बास्केटमध्ये टाकायचा आणि समोरच्याला अडवायचंही.

आता चाकांकडे वळू. नातीने मला समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे डावीकडे एक मोटर, उजवीकडे एक. दोन्ही सारख्या फिरल्या की रोबो सरळ जातो, उलटसुलट फिरल्या की जागच्या जागी गिरकी घेतो. रबराची चाकं जमीन घट्ट धरतात, कुणी बाजूने ढकललं तर सहज हलत नाहीत. उणीव एकच, आडवं सरकता येत नाही. बाजूला जायचं तर आधी वळा, मग जा, मग पुन्हा वळा.

दुसरा प्रकार ओम्नी चाकाचा. चाकाच्या कडेवर छोटे छोटे रूळ आडवे बसवलेले असतात. चाक नेहमीसारखं पुढे-मागे फिरतं आणि त्याच वेळी रुळांवरून बाजूलाही घरंगळतं. अशी चार चाकं चार कोपऱ्यांत ४५ अंशांत तिरकी लावली की रोबो तोंड न वळवता कुठल्याही दिशेला जातो. मेकॅनम नावाचं चाक याचंच भावंड. त्यात चाक सरळ बसतं आणि रूळ तिरके असतात. बेंग्ट इलॉन नावाच्या स्वीडिश माणसाने ते १९७०च्या दशकात काढलं.

तिसरा प्रकार स्वर्व्ह. यात प्रत्येक चाकाला दोन मोटरी, एक पळवायला आणि एक वळवायला. चार चाकांच्या आठ मोटरी झाल्या. पकड रबराची आणि सरकणं ओम्नीचं, दोन्ही मिळतं. पण बनवायला अवघड, महाग, आणि एक चाक रुसलं की सगळंच अडतं.

आणि हे सगळं ठरलं तरी गिअर उरतोच. मोटर तीच ठेवून वेग हवा की जोर हवा, ते गिअर ठरवतो. हे मला लगेच कळलं, कारण आम्ही कल्याणकर इंजिनं बघतच मोठे झालो. मालगाडीचं डब्ल्यूएजी-९ आणि प्रवासी गाडीचं डब्ल्यूएपी-७ ही मूळ एकाच घडणीची इंजिनं. मोठा फरक गिअरच्या प्रमाणात. एकाला ओढायचंय, दुसऱ्याला धावायचंय. आणि कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना, जिथे ३७ फुटांत एक फूट चढ आहे, तिथे गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. वेग आणि जोर एकाच वेळी मनासारखे मिळत नाहीत, हे तो घाट रोज शिकवतो.

इथवर शास्त्र झालं. खरी अडचण माणसांची होती.

संघातल्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलाने दिवाळीच्या सुट्टीत खपून स्वर्व्हचं एक चाक तयार केलं होतं. एकच, पण चालणारं. सगळा संघ त्यावर खूश. त्या मुलाची ही शेवटची स्पर्धा. निर्णय मात्र तिसऱ्या वर्षाच्या मुलीने द्यायचा! "आजी, त्याला नाही कसं म्हणू?" हा तिचा प्रश्न होता. तो यंत्राचा नव्हता, म्हणून माझ्याकडे आला.

मी तिला वर्गातलीच गोष्ट सांगितली. वाक्य अवघड वाटलं की मी मुलांना म्हणायची, आधी क्रियापद शोधा. कर्ता कोण, कर्म काय, ते त्याच्या मागोमाग सापडतं. 'गेला' म्हटलं तर कर्माची गरजच नाही, 'दिला' म्हटलं तर काय आणि कुणाला हे विचारावंच लागतं. तुम्ही नामांवर भांडताय, ओम्नी की मेकॅनम की स्वर्व्ह. या वर्षीच्या खेळाची क्रियापदं कुठली, ती लिहा बघू.

तिने जुन्या स्पर्धांपासून सुरुवात केली आणि मलाच मजा वाटायला लागली. २०१५ला इंडोनेशियात रोबोंनी बॅडमिंटन खेळायचं होतं. तिथलं क्रियापद 'सरकणे'. फूल कुठे पडेल तिथे, तोंड जाळीकडेच ठेवून. वळत बसलं की फूल जमिनीवर! २०१६ला बँकॉकमध्ये एक रोबो असा हवा होता, की त्याला स्वतःची चालवणारी मोटरच नको. फक्त दिशा वळवायला एक. पुढे जायचं ते दुसऱ्या रोबोने वाऱ्याने वगैरे ढकललं तर. क्रियापद 'ढकलले जाणे', चक्क कर्मणी प्रयोग! तिथे जोरदार मोटर घेऊन काय करणार? आणि २०१९ला, तेव्हाही उलानबातरलाच, जुन्या मंगोल टपालस्वारांवरचा खेळ होता. त्यातल्या दुसऱ्या रोबोला चार पाय हवेत असा नियमच होता. क्रियापद 'चालणे' आणि 'चढणे'. सगळी चाकं बाद!

मग बास्केटबॉलची यादी झाली. धावणे, सरकणे, निसटणे, थांबणे, नेम धरणे, अडवणे. सहापैकी पाच गोष्टी ओम्नीवर होत होत्या. 'अडवणे' मात्र कच्चं राहत होतं, कारण रुळांच्या चाकांची धरून ठेवायची ताकद रबराहून कमी. तिने त्यापुढे लिहिलं, "ढकलाढकली होण्याआधी तिथून निघायचं." स्वर्व्हवर सहाच्या सहा होत होत्या. म्हणजे कागदावर तो मुलगाच बरोबर होता, हे तिने संघासमोर स्पष्ट सांगितलं.

पण यादीच्या खाली तिने आणखी एक क्रियापद लिहिलं होतं, 'सराव करणे'. ते खेळाचं नव्हतं, खेळणाऱ्यांचं होतं. भिंतीवरचं कालनिर्णय काढून नेलं आणि त्या मुलालाच विचारलं, उरलेली तीन चाकं व्हायला किती दिवस? त्याने प्रामाणिकपणे मोजले. परीक्षेचे दिवस खोडले, सुटे भाग यायचे दिवस खोडले. जे उरले ते दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येण्याइतके. ओम्नीच्या हिशेबात महिना-सव्वा महिना उरत होता. तो बराच वेळ पानं उलटत बसला म्हणे. मग म्हणाला, "ओम्नी करूया." बस, एवढंच.

मला या सगळ्यात हे वाक्य फार मोठं वाटतं. स्वतःची वस्तू चांगली असूनही बाजूला ठेवायची, हे भल्याभल्यांना साठीतही जमत नाही. बावीसाव्या वर्षी जमलं त्या पोराला.

पुढची परीक्षा आमच्या गच्चीत झाली. खडूने मोठा चौकोन आखला. रोबोने त्यावरून चार फेऱ्या मारून सुरुवातीच्या खुणेवर थांबायचं. पहिल्या दिवशी तो वीतभर लांब थांबला. कारण चाकं थोडी घसरतात, आणि मोटर किती फिरली ते मोजून अंतर काढलं तर घसरलेलंही चाललेलं धरलं जातं. उपाय त्या मुलानेच केला. आपल्या स्वर्व्हच्या चाकातले मोजणारे भाग, त्यांना एन्कोडर म्हणतात, काढून आणले आणि दोन छोट्या मोकळ्या चाकांना लावले. ही चाकं काही ओढत नाहीत, नुसती जमिनीवरून सोबत फिरतात आणि मोजतात. त्यानंतर फरक राहिला दोन बोटांचा. खालच्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं आम्ही लंगडीचं मैदान आखलंय!

संघ देशपातळीवर फार पुढे गेला नाही. नेम काही वेळा चुकला, एकदा चेंडू हातातून सुटला. चाकं मात्र एकदाही अडली नाहीत, आणि चालवणाऱ्या मुलाला ती हातापायासारखी सवयीची झाली होती.

स्वर्व्हचं ते एकुलतं एक चाक आता कॉलेजच्या कपाटात आहे. नातीने त्यावर चिठ्ठी चिकटवलीय, बनवणाऱ्याचं नाव आणि खाली, 'चालतं. अजून तीन हवीत.' दिवाळीच्या सुट्टीच्या आधी कपाट उघडणारी एखादी बॅच येईलच.

असो. आज इतकंच.